खांद्याचं सांग

तुम्ही कमलताईंना "कशा आहात?" एवढं विचारून तर बघा. उत्तरच देणार नाहीत! उलट तुम्हालाच म्हणतील, "तोंडाचं नक्को. खांद्याचं सांग." मग तुम्ही भर रस्त्यात खांदे हलवून दाखवायचे. तारनाक्याचा भाजीवाला तर त्या लांबून दिसल्या की आधीच खांदे पाडून उभा राहतो. एकदा सुलतान बाजारला जाताना ऑटोवाल्याला भी विचारलं. तो म्हणाला, "अम्मा, रस्ता देखूँ के कंधा?"

रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झाल्यावर त्या हे शिकल्या. डान्स थेरपी! शनिवारी आमच्या बिल्डिंगच्या हॉलमध्ये पोरापोरींना घेतात. स्टेप नाही, गाणं नाही, मनात असेल ते अंगानं करायचं. ताई समोर उभ्या राहून त्याचा आरसा होणार. पोरानं पाय आपटला की त्या भी आपटणार, गुडघे कुरकुरत असले तरी! एका आईनं विचारलं, "मॅडम, फंक्शनला कुठला डान्स बसवताय?" ताई म्हणाल्या, "तुमचा. या, चपला काढा." त्या बाई परत दिसल्या नाहीत.

आम्ही जाम हसायचो. मग माझी धाकटी बहीण प्रज्ञा इंटरच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या हॉस्टेलमधून घरी आली ती बोलणं बंद करूनच. हो-नाही भी मानेनं. डॉक्टरांनी औषधासोबत हा क्लास सांगितला. आई रोज तिच्याशी एकटीच बोलायची, आणि मला भीती वाटायची की हिचा आवाज मी विसरून जाईन.

पहिल्या दिवशी प्रज्ञा भिंतीला टेकून बसली. नुसती. ताई समोरच्या भिंतीला टेकून बसल्या. क्लास संपेपर्यंत! पुढच्या वेळी तिनं एक बोट हलवलं. ताईंनी भी एकच.

असं बरेच दिवस चाललं. आणि गेल्या शनिवारी प्रज्ञानं ताईंकडे बोट केलं, मग स्वतःकडे. म्हणजे तुम्ही करा, आरसा मी.

ताई गडबडल्याच. "माझं नक्को गं. माझं काय असणार?"

प्रज्ञानं फक्त त्यांच्या खांद्यावर टिचकी मारली.

ताईंनी पर्समधून किल्ली काढल्यासारखं केलं. कुलूप उघडलं. चपला काढल्या. आत गेल्या, वळल्या, आणि दार धरून उभ्या राहिल्या, मागून कुणी येतंय तसं. त्या एकट्या राहतात हे आम्हाला माहीत होतं, पण असं कधी बघितलं नव्हतं. हात तसाच हवेत. कितीतरी वेळ.

समोर प्रज्ञा तसंच करत होती. किल्ली, कुलूप, दार. मग ती चुकली. आरशानं जागा सोडायची नसते, ताईंचाच नियम. हिनं आपलं दार सोडलं, चालत आली, वाकून ताईंच्या हाताखालून आत गेली.

"आले," ती म्हणाली. घोगरा, बारीकसा आवाज.

ताईंचे खांदे हळूहळू खाली आले, आणि त्यांनी ते नसलेलं दार लावून घेतलं.