गाडीला भोक पडेपर्यंत

त्या रविवारी गाडी स्वतःच्या हातानं धुवावी, असं माझ्या मनात आलं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. एरवी रविवारी मी हात फक्त जेवायला वापरतो. पण त्या दिवशी ऑफिसातले मोठे साहेब आमच्या किन्हवलीला कुणाच्या तरी लग्नाला येणार होते, आणि आमच्या दारावरून जाताना त्यांना माझी गाडी चकचकीत दिसावी, एवढीच माझी इच्छा होती. (साहेब दुसऱ्या रस्त्यानं गेले.)

मी शहापूरला एका सरकारी ऑफिसात क्लार्क. दोन हजार तीन साली मी नवीकोरी गाडी घेतली, तेव्हा आळीत फक्त दोन चारचाकी होत्या, माझी आणि कोंबड्यांचा टेम्पो. पण गाडीला छप्पर नव्हतं. छप्पर होतं ते सावळीला. सावळी म्हणजे आमची म्हैस. तिला पक्का गोठा, वर पत्रा, खाली फरशी. माझी गाडी मात्र अंगणात ताडपत्री पांघरून, एखाद्या आजाऱ्यासारखी. गोठ्याचं गॅरेज करावं हे माझं तीन वर्षांचं स्वप्न होतं. माझ्या बायकोचं, वंदनेचं म्हणणं असं, की सावळी पावसात भिजली तर दूध आटेल, आणि दूध आटलं तर अर्ध्या किन्हवलीचा रतीब बुडेल. गाडी भिजली तर काय आटणार?

तर, गाडी धुताना मागच्या दाराखाली मला एक फोड दिसला. तुरीच्या डाळीएवढा. मी अंगठ्यानं दाबला, तर रंगाचा पापुद्रा निघाला आणि आतून तांबडा भुगा पडला. मी ओरडलो. वंदना चरवी हातात घेऊन धावत आली. तिला वाटलं मला विंचू चावला.

"गंज!" मी म्हटलं.

"मंग एवढ्या बोंबा कशाला? मला वाटलं काय झालं."

शेजारचे देवजी काका कुंपणावरून डोकावले. "घासून थोडा रंग मार रे धम्मपाल. माझ्याकडं डबा हाय उरलेला."

"काका, तुमचा रंग बैलगाडीचा. आणि मी कशाला मारू? गंजावर सहा वर्षांची वॉरंटी आहे. कंपनी मारेल. फुकट!"

"कंपनी येल हितं रंग मारायला?" वंदनेनं विचारलं.

आता हा प्रश्न तिनं साधा विचारला असता तर मीही साधं उत्तर दिलं असतं. पण ती हसली. मग मी पण बोलून गेलो, की कंपनीनं गाडी फुकटात करून दिली तर गोठा माझा, सावळीला मागं मांडव घालू.

"आन नाय दिली तर?"

"तर जन्मात गोठ्याचं नाव काढणार नाय."

"देवजी काका, आयकलात ना तुमी?" वंदना म्हणाली. काकांनी तंबाखू मळता मळता मान हलवली. झालं, पंचासमोर ठराव पास.

गाडी मी कल्याणच्या 'सुवर्णयान मोटर्स'मधून घेतली होती. तेव्हा त्यांनी मला सोफ्यावर बसवून कोल्ड्रिंक पाजलं होतं, गाडीला रिबीन बांधली होती, आईच्या हातात नारळ दिला होता. (तो तिनं न फोडता पिशवीत टाकला. रात्री बोंबलाच्या कालवणात सापडला.) एवढी माया मला सासरीसुद्धा मिळाली नव्हती. त्यामुळे मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. वॉचमननं मला थांबवलं. "नवी घ्यायचीय का जुनी दाखवायचीय?" मी म्हटलं, जुनी. त्यानं मागच्या दाराकडे बोट दाखवलं. तिथं सोफा नव्हता. एक बाकडं होतं, त्याचा एक पाय विटेवर.

पुष्कळ वेळानं टाय घातलेला एक तरुण आला. ज्ञानेश्वर त्याचं नाव. वॉरंटीच्या तक्रारी तोच बघायचा. त्यानं खाली वाकून, चष्मा पुसून, फोड बघितला.

"सर, हा गंज आहे."

"तेच सांगायला आलोय."

"पण हा वरवरचा गंज आहे, सर. सरफेस. आपली वॉरंटी आरपार गंजाला आहे. भोक कुठंय?"

"भोक नाहीये."

"मग क्लेम कशाचा?"

"भोक पडू नये याचा!"

"सर, न पडलेल्या भोकाला कंपनी पैसे कसे देईल?"

"म्हणजे गाडीला भोक पडेपर्यंत मी बसून राहू?"

"काळजी घ्या, सर. पण हो. पडलं की या."

मी थक्क झालो. लोकांना परत पाठवण्याच्या धंद्यात मीही आहे. 'फोटो चिकटवून आणा', 'फोटो कशाला चिकटवला, पिन मारून आणा', हे मला झोपेत येतं. पण माणसाला हसतमुखानं नुकसान वाढवून आणायला सांगणं, ही वरच्या इयत्तेची विद्या होती. मला रागही आला आणि मान खाली घालून नमस्कारही करावासा वाटला.

घरी वंदनेनं विचारलं, "काय झालं?"

"प्रकरण विचाराधीन आहे," मी म्हटलं.

मी कंपनीला इंग्रजीत पत्रांमागून पत्रं लिहिली, एकालाही उत्तर आलं नाही. म्हणजे भोक पाडणं आलं. पण पाडायचं कसं? सळई मारली तर कळलं असतं. पाऊस पुरेसा वाटेना. शेवटी उत्तर देवजी काकांनीच दिलं, तेही सहज. त्यांचा लोखंडी नांगर एका पावसाळ्यात गोठ्याच्या कोपऱ्यात राहिला आणि म्हशीच्या मुतानं त्याची चाळण केली, असं ते कुणाला तरी सांगत होते. माझे कान टवकारले. अरे, ज्या कारखान्याच्या शोधात मी होतो, तो माझ्याच घरी रोज दोन पाळ्यांत चालत होता!

मी वंदनेला म्हटलं, "पावसाळ्यापुरती गाडी सावळीशेजारी लावू. जागा आहे. दोघी राहतील."

वंदनेनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "लावा," म्हणाली. तिथंच मला संशय यायला हवा होता.

सावळीनं पहिले काही दिवस गाडीकडे पाठ केली. मला तेच हवं होतं. म्हशीची पाठ ज्या बाजूला, माझं भविष्य त्या बाजूला. पुढं तिला गाडी आवडायला लागली. ती दारावर शिंगं घासायची, आरशात बघायची. मी रोज सकाळी बॅटरी घेऊन गाडीखाली वाकायचो. तुरीच्या डाळीचा वाटाणा झाला, वाटाण्याची सुपारी झाली. भात पोटरीत आलं तसा माझा गंजही भरला. आणि दसऱ्याच्या सुमारास एका सकाळी, दाराखालच्या पत्र्यातून मला पलीकडची वैरण दिसली.

भोक! मी ऑफिसात पेढे वाटले. "मुलगा का मुलगी?" असं कुणीतरी विचारलं. "आरपार," मी म्हटलं.

कल्याणला फोन केला. ज्ञानेश्वर म्हणाला, "अभिनंदन, सर. पण गाडी जिथं उभी असते ती जागा बघावी लागेल. नियम आहे. गुरुवारी दुपारी येतो."

गुरुवारी मी रजा टाकली. गोठ्याला चुना मारला, फरशी धुतली, भिंतीवर कॅलेंडर लावलं, दाव्याच्या खुंटीवर गाडीची किल्ली अडकवली. चार कोपऱ्यांत गुलाबाच्या उदबत्त्या. सावळीला देवजी काकांबरोबर लांब माळावर पाठवून दिलं. वंदना ओट्यावर तांदूळ निवडत सगळं बघत होती.

दुपारी म्हटलेला माणूस ऊन कलल्यावर आला. (हेही आमच्याच ऑफिसचं वळण.) आत शिरताच त्यानं नाक वर केलं.

"सर, वास कसला?"

"गाडीतला परफ्युम."

"आणि त्याच्या खालचा?"

"खालचा... जुना परफ्युम."

तो वाकला. पेन्सिल घातली, ती पलीकडून निघाली. त्याच्या चेहऱ्यावर खरंखुरं समाधान उमटलं. "उत्तम भोक आहे, सर. असं भोक आमच्याकडे क्वचित येतं. मी मंजूर..."

तेवढ्यात बाहेरून देवजी काकांचा आवाज आला. "अगो थांब! अगो थांब तिकडं!"

आता सांगायला लाज वाटते, पण ज्या म्हशीच्या दुधाचा चहा मी इतकी वर्षं पितोय, ती संध्याकाळी कधी पिळतात हे मला ठाऊक नव्हतं. सावळीला ठाऊक होतं. ती तुटकं दावं ओढत थेट आत आली, ज्ञानेश्वरला बाजूला सारलं, आपल्या जागी उभी राहिली, गाडीच्या दारावर शिंग घासलं, शेपूट उचललं, आणि त्या उत्तम भोकावर धो धो पाऊस पाडला.

तो आवाज चालू होता. संपतच नव्हता.

"क्लॉज अकरा," ज्ञानेश्वर पॅन्टचा पायचा झटकत म्हणाला. "प्राण्यांच्या मलमूत्रानं झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. सर, जरा म्हशीजवळ सरका." आणि त्यानं फोटो काढला. गाडी, म्हैस आणि मी. तिघांत फक्त म्हैस कॅमेऱ्याकडे बघतेय.

मी संपलो होतो. तेव्हा वंदना चरवी घेऊन आत आली. "आता आलाच हाव तर चहा घेऊन जा, दादा. एवढ्या लांबून आलाव." आणि त्याच्यासमोरच खाली बसून तिनं धार काढली.

त्या चहावर बोटभर साय होती. ज्ञानेश्वरनं पहिला कप टायसकट घेतला. दुसऱ्या कपाला टाय सैल केला. तिसऱ्याला तो ओट्यावर मांडी घालून बसला आणि त्याचं ते 'सर, सर' कुठच्या कुठं गेलं.

"आमच्या गावाला, वैशाखऱ्याला, आमची पन म्हस व्हती, ताय. असंच दूध. कल्याणात नुसतं पानी पितो आमी. आमचा म्यानेजर तर तुपासाठी जीव टाकतो."

"मंग घेऊन जा की," वंदना म्हणाली, आणि आतून तुपाची बरणी घेऊन आली. जाताना ज्ञानेश्वर तिच्या पाया पडला. माझ्याकडे बघून त्यानं नुसती मान हलवली, दवाखान्यात हलवतात तशी.

दिवाळीआधी कल्याणहून फोन आला. गाडी घेऊन या, नवीन पत्रा बसवून, रंग मारून देऊ. 'खास बाब म्हणून, विनामूल्य.' माझी इतकी इंग्रजी पत्रं जिथं उत्तराविना पडली होती, तिथं एक बरणी बोलली. पण मी कशाला ते मान्य करतोय? झगझगीत गाडी घेऊन आलो ती थेट गोठ्याच्या तोंडाशी उभी केली आणि देवजी काकांना हाक मारली.

"काका, कंपनीनं फुकटात केलं! आता गोठा कुणाचा?"

काकांनी तंबाखू थुंकली. "कंपनीनं तर नाय म्हटलं व्हतं रे. मी व्हतो ना. केलं ते सावळीनं. गोठा तिचा."

"आन फुकट काय म्हणून?" वंदना म्हणाली. "तूप काय तुमच्या कंपनीनं घातलं?"

गाडी अंगणात गेली. ताडपत्रीही सावळीच्या वैरणीवर गेली असती, पण मी ती धरून ठेवली.

तेव्हापासून वंदनेच्या तुपाचा रतीब कल्याणला सुरू झाला. दर महिन्याला मी शोरूमला बरण्या पोचवतो. आता वॉचमन मला पुढच्या दारानं सोडतो, पण ओरडतो, "तूपवाले आले!" सोफ्यावर अजून कुणी बसवलेलं नाही.

परवा अवेळी पाऊस आला. मी अंगणात भिजत ताडपत्रीची दोरी ओढत होतो. आत वंदनेचा मोबाईल वाजला. ज्ञानेश्वर होता. या खेपेच्या तुपाला जरा वास येतोय, बरणी बदलून मिळेल का, असं मॅनेजरसाहेब विचारत होते.

"वास वरवरचा हाय का आरपार?" वंदनेनं विचारलं. "वरवरचा असंल तर नाय बसत. आरपार झाला की या. आन बरणी जिथं ठेवता ती जागा बघावी लागंल."

पलीकडे तो इतका हसला, की मला अंगणात ऐकू आलं. मग त्यानं बहुतेक माझी चौकशी केली असावी. कारण वंदना दाराशी आली, मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, आणि फोनवर म्हणाली,

"ते ना? बरे हायत. भोक नाय पडलं अजून, नुसता गंज हाय."