पाठमोरे जवान

हवाई दलाने नवी विमानं घेतली आणि मास्टरांचं दुकान रिकामं झालं. या दोन गोष्टींचा संबंध परक्या माणसाला समजावून सांगावा लागला असता. गावात तो सगळ्यांना ठाऊक होता. नवी विमानं वजनाने भारी, त्यांना उतरायला लांबलचक धावपट्टी लागायची. इथल्या धावपट्टीच्या एका टोकाला नदी होती, दुसऱ्या टोकाला टेकडी, आणि दोघींपैकी एकही सरकायला तयार नव्हती. शेवटी हवाई दलाची तुकडीच सरकली, ती थेट देशाच्या दुसऱ्या टोकाच्या तळावर. क्वार्टर्सना कुलपं लागली. संध्याकाळची बस बंद झाली. तळावरची तुकडी गेली तशी शाळेतलीही एकेक तुकडी कमी झाली. दूधवाल्याचं गिऱ्हाईक निम्म्यावर आलं, आणि उरलेलं दूध टाकवेना म्हणून पिऊन पिऊन तो जाड झाला.

मास्टर म्हणजे तळाच्या मागच्या फाटकासमोरचे न्हावी. साठीला आलेले, बारीक चणीचे. दुकानात एक खुर्ची, एक आरसा आणि भिंतीला टेकवलेला बाक. मागे एक खोली होती, तिथेच ते राहायचे. लग्न राहून गेलं होतं. का राहून गेलं, हे कुणी विचारलं तर त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. उभ्या आयुष्यात त्यांनी एकाच प्रकारचे केस कापले होते: बाजूने बारीक, मागे त्याहून बारीक आणि वर बोटभर. जवान यायचे, खुर्चीत बसायचे, डोळे मिटायचे आणि टॉवेल झटकला की उठून जायचे. ड्यूटी करून आलेल्या माणसाला बोलायचं नसतं, हे मास्टरांना कळत होतं, त्यामुळे तेही बोलत नसत. दोन-तीन वर्षांनी बदल्या व्हायच्या, नवी डोकी यायची. मास्टरांना नावं माहीत नसायची. ते माणूस भोवऱ्यावरून ओळखायचे. एवढी माणसं त्यांच्या हाताखालून गेली, पण त्यांतल्या एकाच्याही घरी त्यांचं जाणं-येणं नव्हतं. ही गोष्ट त्यांच्या लक्षात आली ती फाटकाला कुलूप लागल्यावर.

गावातली माणसं बाजारातल्या सलूनमध्ये जायची. तिथे भिंतीवरच्या फोटोंतून आपल्याला हवं ते डोकं निवडता यायचं. मास्टरांकडे गेलेला माणूस भरती होऊनच बाहेर पडतो, असं गावात म्हणत.

दर रविवारी थोरल्या बहिणीचा फोन यायचा. दुकान बंद करून इकडे ये, बाल्कनीला काचा लावून घेतल्यात, तुझी खाट आरामात बसते, असं ती म्हणायची. मास्टर ‘बघतो’ म्हणायचे आणि पुन्हा रिकाम्या खुर्चीसमोर येऊन बसायचे. खुर्ची वळवली की करकरायची. एक दिवस दुसरं काही काम नव्हतं म्हणून त्यांनी तिला तेल घातलं. मग दुकानात कसलाच आवाज उरला नाही, आणि आपण तेल उगाच घातलं असं त्यांना फार वाटलं.

अशातच बाजारातलं सलून आठवडाभर बंद राहिलं, मालक मेहुण्याच्या लग्नाला गेला म्हणून. त्यामुळे गणिताचे सर नाइलाजाने मास्टरांच्या दुकानात आले. सर चाळिशी ओलांडलेले, एकटे, मालकीणबाईंच्या चाळवजा घरात भाड्याने राहणारे. “थोडेच कमी करा, बाकी आहे तसं राहू द्या,” म्हणाले आणि त्यांनीही डोळे मिटले. मास्टरांनी अगदी मनापासून प्रयत्न केला. पण पुढ्यात डोळे मिटलेलं डोकं आल्याबरोबर हातांना त्यांचं काम आठवलं. मास्टरांच्या ध्यानात येईपर्यंत एक बाजू गेली होती. मग दुसरी तिच्याशी जुळवणं भाग होतं, आणि मागची बाजू त्या दोघींशी. सर जागे झाले आणि बराच वेळ आरशात बघत राहिले.

“हे कोण?” त्यांनी विचारलं.

“तुम्हीच. थोडे कमी झालात.”

सर पैसे ठेवून निघून गेले. पण दुसऱ्या दिवशी ते वर्गात शिरले आणि दहावीचा वर्ग आपोआप गप्प झाला. मागच्या बाकावरच्या मंडळींनी वर्षात पहिल्यांदाच फळ्याकडे पाहिलं. सरांनी हा चमत्कार शिक्षकांच्या खोलीत सांगितला. मग कवायतीचे सर आले, प्रयोगशाळेचा सहायक आला, शाळेचा कारकून आला आणि रांग मोडणाऱ्यांनी बेजार झालेला बँकेचा रोखपालही आला. सगळे भरती होऊन बाहेर पडले.

पुढे शाळेतल्या या मंडळींना जनगणनेच्या प्रशिक्षणाला जिल्ह्याच्या गावी जावं लागलं. भल्या सकाळी, धुकं असताना, खांद्याला पिशव्या अडकवून ते बसथांब्यावर ओळीने उभे होते. मालकीणबाई गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी जन्मभर हवाई दलाच्या माणसांना खोल्या भाड्याने दिल्या होत्या; नुसत्या मानेवरून हुद्दा ओळखता येतो असा त्यांचा दावा होता. त्यांना मागून चार माना दिसल्या. हातातली चादर तशीच टाकून त्या खाली आल्या. जेवणवेळेपर्यंत बाजारभर झालं की तळ पुन्हा सुरू होतोय, तयारीला पुढे पाठवलेली माणसं साध्या वेशात आलीसुद्धा.

मालकीणबाई बोलून थांबणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी ‘खोल्या भाड्याने देणे आहेत’ची पाटी उतरवली, भिंतींना रंग दिला आणि एकुलत्या एक भाडेकरूला, म्हणजे गणिताच्या सरांना, महिनाअखेरीला खोली रिकामी करायला सांगितलं. हवाई दलाला जागा लागणार होती. सरांनी कसले जवान, कुठले जवान, असं विचारून पाहिलं. बाईंनी मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेत म्हणून सांगितलं. ज्याची मान बघून त्यांनी ही नोटीस दिली होती, तो माणूस त्यांच्यासमोरच उभा होता. पण तो त्यांच्याकडे तोंड करून उभा होता.

मग सगळ्यांनीच कंबर कसली. दूधवाल्याने म्हैस घेतली. चहावाल्याने बाकांना निळा रंग दिला. नगरसेवकांनी हे आपल्याच पाठपुराव्याचं फळ असल्याचं जाहीर केलं आणि डेपोत जाऊन संध्याकाळची बस पुन्हा सुरू करून घेतली. ती रोज रिकामी यायची आणि रिकामी जायची, पण वेळेवर.

खात्री करून घ्यायला मात्र एकच ठिकाण होतं. जवान आले असतील तर केस कापायला मास्टरांकडेच जाणार. पण संरक्षणाच्या गोष्टी सरळ कशा विचारायच्या? म्हणून लोक आधी खुर्चीत बसायचे आणि मान खाली घातल्यावर हळूच विषय काढायचे. विचारायला आलेला प्रत्येक माणूस जवान होऊन बाहेर पडायचा. त्याला रस्त्यात मागून कुणीतरी बघायचं आणि खात्री करायला दुसऱ्या दिवशी दुकानात यायचं. नगरसेवकही एका दुपारी येऊन बसले.

“मास्टर, माझ्यापासून लपवू नका. किती जण येऊन गेले?”

“बरेच.”

“कुठले?”

“कुठले म्हणजे? आपलीच माणसं.”

नगरसेवकांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “समजलं. पुढे बोलू नका.”

मास्टरांनी पुढे बोलायचा प्रयत्न केला. हवाई दलाचं कुणी आलेलं नाही, ते आपले गणिताचे सर होते, हे त्यांनी नगरसेवकांना सांगितलं, चहावाल्याला सांगितलं, बाकावरच्या सगळ्यांना सांगितलं. लोक समजूतदारपणे हसले. तुम्ही असंच सांगायला हवं, म्हणाले. पुढे मास्टर हे दिवसातून एकदाच सांगू लागले. मग जरा हळू आवाजात. शेवटी कुणी विचारलं की ते नुसताच कंगवा फिरवायचे.

कारण बाक भरलेला असायचा. माणसं चहा घेऊन येऊन बसायची. त्यांच्यातला एकही डोळे मिटत नव्हता. बेकरीवाल्याचा मुलगा परगावाहून फोन करत नाही, रोखपालाच्या आईला आता माणसं ओळखू येत नाहीत, हे मास्टरांना कळलं. आयुष्यभर त्यांना डोकी माहीत होती. डोक्यात काय असतं ते आता कळत होतं. एकदा चहावाल्याने सहज विचारलं, “जेवलात का?” मास्टरांना उत्तर द्यायला जरा वेळ लागला, इतका तो प्रश्न त्यांच्या सवयीचा नव्हता. बहिणीला त्यांनी फोनवर सांगितलं की सध्या जमणार नाही, गर्दी आहे. यात खोटं काहीच नव्हतं, तरी फोन ठेवल्यावर त्यांना बरं वाटलं नाही.

महिनाअखेरीला खरोखरच हवाई दलाची जीप आली.

नगरसेवक आठवडाभर तयारीतच होते. मागच्या फाटकापाशी निम्मं गाव जमलं. पुष्पगुच्छ आले. पुरुषमंडळी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ओळीने उभी राहिली, आणि का कोण जाणे, नव्या केसांमुळे जरा ताठच उभी राहिली. जीपमधून एक अधिकारी आणि अवजारांची पेटी घेतलेले दोन जवान उतरले. अधिकाऱ्याने समोर पाहिलं. बाजूने बारीक, मागे त्याहून बारीक, वर बोटभर; जिकडे बघावं तिकडे तेच. त्याचा हात सलामासाठी अर्धा वर गेला आणि तिथेच थांबला.

“ही कुठली तुकडी?” त्याने नगरसेवकांना विचारलं.

मालकीणबाई पुढे झाल्या. “तुमचीच की. महिनाभर येतायत.”

“आमचं इथे कुणी नाही, बाई,” अधिकारी म्हणाला. “आम्ही फाटकावरची पाटी काढायला आलोय.”

ओळीतली माणसं एकमेकांकडे वळून पाहू लागली, आणि महिनाभर एकमेकांना मागून पाहणाऱ्यांनी आता एकमेकांची तोंडं पाहिली. रोज पहाटे धुक्यात आपण ज्याला अदबीने वाट देत होतो, तो प्रयोगशाळेचा सहायक आहे, हे दूधवाल्याला कळलं. मग सगळ्यांच्या माना रस्त्यापलीकडे वळल्या. मास्टर दुकानाच्या दारात उभे होते.

“तुम्हीच म्हणाला होतात ना, आपलीच माणसं?” नगरसेवक म्हणाले.

“आपलीच आहेत की,” मास्टर म्हणाले.

यावर हसायला हरकत नव्हती, पण कुणी हसलं नाही. आता एवढं दूध पिणार कोण, असं दूधवाला जाता जाता विचारत होता. पुष्पगुच्छांचं काय करायचं ते न सुचून नगरसेवकांनी ते जीपच्या मागच्या बाजूला ठेवले.

पाटीचे स्क्रू गंजले होते, ते निघायला वेळ लागला. तेवढ्यात अधिकारी रस्ता ओलांडून दुकानात आला आणि टोपी काढून खुर्चीत बसला. मास्टरांना त्याच्या डोक्यावर दोन भोवरे दिसले, एकमेकांकडे पाठ करून बसलेले.

“तुम्ही पूर्वी इथे होतात,” मास्टर म्हणाले. “नवीन भरती झाला होतात तेव्हा.”

अधिकाऱ्याने आरशातून त्यांच्याकडे नीट पाहिलं. “होतो. पण खरं सांगू, तुमचा चेहरा आठवत नाही. दुकानही आठवत नाही. इथे झोप फार छान लागायची, तेवढं आठवतंय.”

मास्टरांनी मान हलवली. थोड्या वेळाने अधिकाऱ्याचे डोळे मिटले. मास्टरांनी कात्री अगदी सावकाश चालवली, काम संपलं तरी थोडी हवेतच चालवली. मग बाहेरून हाक आली, टॉवेल झटकला गेला आणि जीप पाटी घेऊन निघून गेली.

त्या दुपारी बाकावर कुणी बसलं नाही. चहावाला समोरून गेला, पण मान वळवून गेला. मास्टरांनी दुकान झाडलं. मग बहिणीला स्वतःहून फोन लावला आणि येतो म्हणून सांगितलं. तिला इतका आनंद झाला की बाल्कनीतली अडगळ कुठे हलवायची याचं ती तिथल्या तिथे बोलू लागली. मास्टरांनी खाटेवर पिशवी उघडली. दोन जोड कपडे, दाढीचं सामान, चष्मा. निम्मी पिशवी भरली आणि पुढे काय भरायचं ते त्यांना सुचेना.

दारात काहीतरी आपटल्याचा आवाज आला. गणिताचे सर वळकटी आणि ट्रंक घेऊन उभे होते. महिना संपला होता. मालकीणबाईंनी जुन्याच भाड्यात राहा म्हणून विनवलं होतं, आणि सरांनी नकार दिला होता. ज्या बाईला आपण मागून जवान आणि पुढून अडचण दिसतो, तिच्या घरात राहायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

“तुमच्या हातामुळे माझी खोली गेली,” सर म्हणाले. “तेव्हा आता तुम्हीच बघा. मागची खोली दोघांना पुरेल.”

उत्तराची वाट न पाहता ते आत शिरले. खोली अंधारी आहे, साबणाचा वास येतो, दिवा चुकीच्या भिंतीवर आहे, असं त्यांनी एकामागून एक सांगितलं. पेपर तपासताना मला बोललेलं चालत नाही, म्हणाले. इथे कुणी बोलत नाही, असं मास्टरांनी सांगितलं. मग त्यांनी खाटेवरची पिशवी उचलली, थोडा वेळ हातात धरली आणि वळकटीला जागा करायला खाटेखाली सरकवली.

“आणखी एक आधीच सांगून ठेवतो,” सर म्हणाले. आता त्यांचा आवाज जरा खाली आला होता. “मी झोपेत पाढे म्हणतो. तिकडे भिंतीपलीकडून तक्रारी यायच्या.”

“कितीपर्यंत म्हणता?”

“एकोणतीसपर्यंत.”

“म्हणा की,” मास्टर म्हणाले. “फक्त जरा मोठ्याने म्हणा. विमानांनी माझा डावा कान गेलाय.”