यादव भंगाळे त्या दुपारी कुठे होता

प्रमिला झोपे यांना रविवारी दुपारी पडलेल्या स्वप्नात त्यांच्या नवऱ्याचा खून झाला आणि त्या खुनाच्या आरोपावरून यादव भंगाळे याच्यावर त्याच संध्याकाळी गुन्हा दाखल झाला.

खून कोयत्याने झाला होता. जाग आल्यावर प्रमिलाताईंनी तोंड धुतलं, नवऱ्याला चहा दिला आणि रिक्षा करून पोलीस ठाणं गाठलं. अशी फिर्याद स्वप्न ताजं असतानाच द्यावी लागते. पोलिसांनी घरी येऊन पलंगाचा पंचनामा केला आणि उशी मुद्देमाल म्हणून सील केली. एक पंच कमी पडत होता, म्हणून दिगंबर झोपे स्वतः सही करायला पुढे आले.

"मयताला पंच होता येत नाही, काका," हवालदार म्हणाला.

दिगंबरराव बाजूला झाले आणि सगळ्यांसाठी पाणी घेऊन आले.

यादवचं बस स्टँडमागे पंप दुरुस्तीचं दुकान होतं. पन्नाशी उलटलेला, बायको वारलेली, मोजकं बोलणारा माणूस. महिनाभरापूर्वी मोटारीच्या वाइंडिंगवरून त्याची आणि दिगंबररावांची भर बाजारात वाजली होती, त्यामुळे पोलिसांना कारण शोधत बसावं लागलं नाही. मयत जातीने कोर्टात हजर राहिल्यामुळे जामीन मात्र लगेच झाला.

जामिनावर सुटल्यावर यादव सरळ ॲडव्होकेट सुलभा अत्तरदे यांच्याकडे गेला. जिल्ह्यात फौजदारीत त्यांचं नाव होतं, आणि स्वप्नातले खटले चालवणारं दुसरं जवळपास कोणी नव्हतं. त्यांनी वकीलपत्रावर सही घेतली आणि विचारलं, "त्या दुपारी तुम्ही कुठे होता?"

"घरी. झोपलो होतो."

"ते शरीराचं झालं. तुम्ही कुठे होता?"

"मला काही स्वप्न पडल्याचं आठवत नाही, मॅडम."

"पडलं असतं तरी उपयोग नव्हता. आरोपीचं स्वतःचं स्वप्न पुराव्यात धरत नाहीत. नाहीतर प्रत्येक जण म्हणेल, मी तेव्हा काशीला होतो."

"आणि गुन्हा शाबित झाला तर?"

"जन्मठेप. म्हणजे यापुढे कोणाच्याही स्वप्नात जायचं नाही. मरेपर्यंत."

यादवच्या चेहऱ्यावर हलकंसं हसू आलं. "एवढंच? मग लढायचं कशाला? दुकान चालू राहील ना माझं?"

"चालू राहील. सगळंच चालू राहतं." सुलभाताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "माझा एक अशील असंच म्हणाला होता. त्याला शिक्षा लागली. तो शहरात नोकरीला, आई इथे. ती म्हातारी अजून माझ्याकडे येऊन विचारते, पोरगा यायचा का बंद झाला. फोन रोज करतो तो तिला. पण ती फोनचं म्हणत नसते."

"माझी वाट बघणारं असं कोणी नाही," यादव म्हणाला. पण म्हणताना त्यालाच ते पटलं नसावं, कारण लगेच त्याने विचारलं, "हे कळतं कसं? आपण कोणाकोणाकडे जातो ते?"

"कळत नाही. म्हणून तर शोधायचं. तुम्ही त्याच वेळी दुसऱ्या कोणाच्या स्वप्नात असाल, तर झोपेबाईंच्या स्वप्नात नव्हता. माणूस एका वेळी दोन स्वप्नांत असू शकत नाही, हे उच्च न्यायालयाने मान्य केलंय."

त्यांनी स्थानिक पेपरात जाहिरात दिली. त्या रविवारी दुपारी यादव भंगाळे ज्यांच्या स्वप्नात आले असतील त्यांनी संपर्क साधावा, असा मजकूर आणि खाली यादवचा फोटो. एक केळीवाले व्यापारी आले, पण त्यांचं स्वप्न सोमवारचं निघालं. एका आजोबांना फक्त यादवची स्कूटर दिसली होती. ती चालवत कोण होतं ते त्यांना सांगता येईना. सुलभाताईंनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

नंतर हेमलता वायकोळे आल्या. मुलींच्या शाळेत त्या विज्ञान शिकवत. लग्न केलेलं नव्हतं, राहायला एकट्याच होत्या. पर्स मांडीवर धरून त्या खुर्चीच्या कडेला बसल्या.

"ते माझ्याकडे होते," त्या म्हणाल्या. "पण काय करत होते ते मी सांगणार नाही."

"बाई, सरकारी वकील विचारणारच. मी त्यांना अडवू शकत नाही."

"मग मी आले नाही असं समजा," म्हणून हेमलताबाई उठल्या आणि निघून गेल्या.

सुलभाताईंनी ही गोष्ट यादवला सांगितली. वायकोळेबाईंची पाण्याची मोटर आपण एकदा दुरुस्त केली होती, एवढंच त्याला आठवलं. त्यांना साक्षीची सक्ती करायची का, असं सुलभाताईंनी विचारलं. यादव म्हणाला, "नको. त्यांना शाळेत पोरींसमोर उभं राहायचं असतं." त्या दिवसापासून मात्र तो दुकानात कामाच्या मधेच थांबायचा आणि रस्त्याकडे बघत राहायचा. आपण तिथे नेमकं काय करत होतो, हे त्याला कळेना, आणि शिक्षेपेक्षाही तेच त्याच्या डोक्यात घोळू लागलं.

खटला उभा राहिला. प्रमिलाताईंनी साक्ष नीट दिली. कोयता, वार, रक्त, सगळं त्यांनी सांगितलं. रक्ताचा उल्लेख आला तेव्हा दिगंबररावांनी मागच्या बाकावर डोळे मिटून घेतले. सुलभाताईंनी उलटतपासणी घेतली, पण बाई एका शब्दाने हलल्या नाहीत. बचावाचे साक्षीदार आहेत का, असं न्यायाधीशांनी विचारलं. सुलभाताई "नाहीत" म्हणणार, तोच दारातून हेमलताबाई आत आल्या. शाळेतून तशाच आलेल्या, बोटांना खडू लागलेला.

शपथ झाल्यावर त्यांनी सांगितलं, "आम्ही शाळेच्या गच्चीवर ज्वारीच्या बिबड्या वाळत घालत होतो. मी घालत होते, हे छत्री घेऊन कावळे हाकत होते."

सरकारी वकील उठले. "मधे ते कुठे गेले होते का?"

"पाणी प्यायला जातो म्हणाले. मी जाऊ दिलं नाही. कावळे आले असते."

"ते याआधीही आपल्या स्वप्नात आले आहेत?"

हेमलताबाई बोटांचा खडू पुसू लागल्या. न्यायाधीश मृदूपणे म्हणाले, "उत्तर द्यावं लागेल, बाई."

"येतात."

"कधीपासून?"

"मोटर दुरुस्त करून गेले तेव्हापासून. बरीच वर्षं झाली."

"कशासाठी येतात?"

"काही ना काही काम काढून येतात. त्यांना नुसतं बसवत नाही."

कोर्टात कोणीतरी खोकलं. सरकारी वकील आवाज चढवून म्हणाले, "म्हणजे आरोपी सुटण्यात आपला स्वार्थ आहे."

"आहे," हेमलताबाई म्हणाल्या. "शिक्षा झाली तर त्यांचं येणं बंद होईल. मला ते नको आहे."

यादवने आरोपीच्या पिंजऱ्याचा कठडा दोन्ही हातांनी धरला. इतकी वर्षं आपण कुठेतरी जात होतो, कोणीतरी आपल्याला पाणी प्यायलासुद्धा सोडत नव्हतं, आणि आपल्याला याचा पत्ता नव्हता.

न्यायाधीशांनी निकालात म्हटलं, की जी साक्षीदार स्वतःचा स्वार्थ शपथेवर कबूल करते, तिच्यावर अविश्वास ठेवायला कारण दिसत नाही. आरोपी घटनेच्या वेळी गच्चीवर होता. प्रमिला झोपे यांनी पाहिलेला इसम त्याच्यासारखा दिसणारा दुसरा कोणी असावा. पोलिसांनी तपास चालू ठेवावा.

बाहेर दिगंबरराव सुलभाताईंना गाठून म्हणाले, "तुम्ही त्याला सोडवलंत ते बरंच झालं, तो माणूस तसा नाही. पण मग मला मारलं कोणी? तो अजून मोकळाच आहे की." सुलभाताई म्हणाल्या, काही दिवस प्रमिलाताईंना दुपारचं झोपू देऊ नका. शेजारी उभ्या प्रमिलाताईंनी मान हलवली. त्यांनाही तेच योग्य वाटत होतं.

हेमलताबाई पायऱ्या उतरत होत्या. यादव त्यांच्या मागोमाग आला.

"बाई, मला यातलं काहीच माहीत नव्हतं."

"तुम्हाला कसं असणार? तुम्ही तेव्हा झोपलेले असता."

"मी बोलतो का तिथे?"

"इथल्यापेक्षा जास्त."

हेमलताबाईंचा पुढचा तास होता. त्यांनी रिक्षा थांबवली आणि गेल्या.

रविवारी यादवने जेवण लवकर आटोपलं. अंघोळ सकाळी झाली होती, तरी त्याने पुन्हा केली. कपाटातून इस्त्रीचा निळा शर्ट काढला, गळ्यापर्यंत बटणं लावली, केस विंचरले, आणि चुरगळू नये म्हणून हात सरळ ठेवून तो पलंगावर उताणा झोपला.

सोमवारी सकाळी शाळेत जाता जाता हेमलताबाई दुकानासमोर थांबल्या. यादव ग्रीस लागलेल्या बनियनवर एका पंपाचे नट सोडवत होता. त्याने वर पाहिलं.

"निळा रंग बरा दिसतो तुम्हाला," त्या म्हणाल्या आणि शाळेची घंटा व्हायच्या आत पोचायला हवं म्हणून भरभर पुढे निघाल्या.