डंपरची भूक

जोतीराम पिंपळीच्या डेअरीचा सेक्रेटरी होता, आणि स्वतःच्या मते अर्धा डॉक्टरही. वीस वर्षं गावात गाईंचा डॉक्टर आला की बॅटरी धरायला आणि शेपूट बाजूला करायला हाच पुढे. शेपूट धरता धरता माणसाला किती विद्या येते, हे ज्यानं कधी धरली नाही त्याला कळायचं नाही. त्यामुळे बायको कौसल्या, लेकीचा पाय मुरगळला म्हणून आठ दिवस वालचंदनगरला निघाली आणि दारातून चौथ्यांदा मागं फिरून म्हणाली, "डंपरकडं ध्यान ठिवा," तेव्हा त्याला तो सरळसरळ अपमान वाटला.

"अगं, साऱ्या गावच्या गाई संभाळतो मी."

"तुमी दूध संभाळता. गाई बाया संभाळत्यात. डंपरला काय झालं तर मी तिकडंच ऱ्हाईन, सांगून ठिवते."

डंपर हा तिचा कुत्रा. रस्त्याकडेला सापडलेलं पिल्लू तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. खाताना मागंपुढं बघत नाही म्हणून नाव डंपर. त्याच्यापुढे टाकलेली भाकरी जमिनीला लागली, असं कधी झालं नव्हतं.

चौथ्या दिवशी भाकरी जमिनीला लागली.

डंपरनं ती हुंगली, जोतीरामकडे बघून सुस्कारा सोडला आणि ओट्याखाली जाऊन आडवा झाला. दूध दिलं, तोंड फिरवलं. अंडं दिलं, डोळे मिटले. जोतीरामच्या पोटात गोळा आला. (तिथं खरं तर जागा नव्हती. पितृपंधरवडा चालू होता, आणि बायको घरी नाही म्हणून भाऊबंद आपापल्या घरच्या म्हाळाला त्याला हक्कानं जेवायला बोलवत होते. पितरांच्या कामाला नाही म्हणणं बरं दिसत नाही म्हणून तो रोज जात होता, आणि तिसऱ्यांदा वाढायला आले तरी नाही म्हणणं बरं दिसत नाही म्हणून खात होता.)

बारामतीला कुत्र्यामांजरांचा दवाखाना होता, गाडीवर पंधरा मिनिटांवर. पण ज्यानं इतक्या शेपट्या धरल्या, त्यानं कुत्रं घेऊन रांगेत बसायचं? कुत्रं म्हणजे काय, गाईचा दहावा हिस्सा. औषधाचाही दहावा हिस्सा द्यायचा! एवढं साधं गणित मांडून त्यानं दवाखाना रद्द केला.

त्यानं आधी तपासणी केली. ओट्यासमोर पाट टाकून अर्धा तास डंपरच्या तोंडाकडे बघत बसला. शेजारचा गोकुळ कुंपणावरून डोकावला.

"काय बघता, तात्या?"

"रवंथ बंद हाय."

"कुत्रं रवंथ करतंय व्हय?"

"तेच म्हन्तोय न्हवं? करत न्हाय!"

जोतीरामनं गाईची जंताची मोठी गोळी काढली, तिचा तुकडा फोडला आणि गुळात लपेटून दिला. डंपरनं गूळ सावकाश चोखला आणि गोळी जोतीरामच्या पायावर आणून ठेवली. हे दोनदा झालं.

मग पोट फुगलंय असं निदान झालं. (फुगलं होतंच. निदानात चूक नव्हती.) फुगीवर गाईला गोडेतेल पाजतात, म्हणून गोकुळनं मान धरली आणि जोतीरामनं बाटली तिरकी केली. डंपरनं शांतपणे तोंड भरून तेल घेतलं आणि अंग झाडलं. निम्मं तेल गोकुळच्या सदऱ्यावर, निम्मं जोतीरामच्या मिशीत. डंपर मात्र कोरडा ठणठणीत.

संध्याकाळी सात वाजता कौसल्येचा व्हिडिओ कॉल आला. रोजचाच. ती नवऱ्याला "जेवला का?" विचारायची आणि उत्तर यायच्या आत "डंपर जेवला का, दाखवा" म्हणायची. आज दाखवायचं काय? जोतीरामनं कुंपणावरून गोकुळचा कुत्रा शेरू उचलून आणला. रंग तोच, तांबडा. त्याला पाठमोरा बसवून पुढे ताटली ठेवली.

"बघ कसा तुटून पडलाय."

"तोंड दाखवा की त्याचं."

"खानाऱ्याचं तोंड दाखवू ने. नजर लागती."

"डंपरच्या शेपटीचा शेंडा पांढरा हाय. ह्यो कुनाचाय?" आणि मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "आवो, खरं सांगा... जिता हाय न्हवं माझा डंपर?"

आता मात्र जोतीरामला लाज वाटली. चेष्टेवारी न्यायची गोष्ट नव्हती ही. त्या मुक्या जिवाला खरंच काही झालं, तर बायको परत येईल. पण पूर्वीसारखी बोलणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं भडाभडा सगळं सांगितलं. तेलासकट.

"सकाळी दवाखान्यात आना त्याला," ती म्हणाली. "मी पयल्या यष्टीनं तिथंच येते. आन् येईस्तवर त्याला कायबी पाजू नका. पान्याशिवाय."

सकाळी बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टर स्वरूपा मॅडमनी जोतीरामचा इतिहास, म्हणजे डंपरचा, ऐकून घेतला. कौसल्या डंपरचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. नवऱ्याकडे बघत नव्हती.

"गोळी थुंकली ते उत्तम झालं," मॅडम म्हणाल्या. "आणि जबरदस्तीनं तेल पाजू नका. श्वासनळीत गेलं तर कुत्रं दगावतं. तुमच्यापेक्षा त्यालाच जास्त कळतं."

त्यांनी ताप बघितला, तो नव्हता. हिरड्या बघितल्या, गुलाबी. कानात, बोटांच्या बेचक्यात गोचीड नव्हती. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती झटकन जागेवर गेली, म्हणजे अंगात पाणी होतं. मग त्यांनी पोट दोन्ही हातांनी चाचपलं, तसा डंपर उठला, दोन पावलं चालला आणि दवाखान्याच्या फरशीवर सगळं ओकला.

मॅडम वाकून बघू लागल्या. जोतीरामही वाकला. सवयीनं.

"भात, वडे आणि ही कसली तरी भाजी..." मॅडम म्हणाल्या.

"लाल भोपळा," जोतीराम म्हणाला. "कुंडलिकच्या घरचा. त्यो फोडी मोठ्या ठिवतो. आन् ही गवार संभाजीच्या हितली. खीर मातूर... शेवयाची हाय म्हंजे गोकुळच्या चुलत्याची."

कौसल्येनं पहिल्यांदाच त्याच्याकडे बघितलं.

"तुमाला कसं ठावं?"

जोतीराम बोटांवर घरं मोजू लागला. प्रत्येक म्हाळाला गाईचा, कावळ्याचा आणि कुत्र्याचा घास काढतात. गाय दावणीला असते, कावळा मर्जीनं येतो, पण कुत्रं हाकेला येणारं पाहिजे. आणि शेरू साखळीला, म्हणून वस्तीत हाकेला येणारं कुत्रं एकच. घास म्हणून बायकांनी पत्रावळ भरून घातलेलं. एकेका दिवसात तीन-तीन घरचे पितर डंपर तृप्त करत होता, आणि त्याच घरांत आत पाटावर बसून जोतीराम.

"एक दिवस उपास," मॅडम म्हणाल्या. "नुसतं पाणी. मग चार दिवस मऊ भात, थोडं दही. तेल, तिखट, कांदा बंद. आणि खिरीत बेदाणे असतात, ते कुत्र्याला विषासारखे. पुन्हा उलटी झाली किंवा मलूल दिसला तर लगेच घेऊन या. औषधासाठी वजन करू."

डंपर काट्यावर उभा राहीना, म्हणून जोतीरामनं त्याला उचलून घेतलं. दोघं मिळून एकशे चौदा. मग डंपरला खाली ठेवून एकटा उभा राहिला. चौऱ्याऐंशी. म्हणजे डंपर तीस. मॅडमनी गेल्या महिन्यातलं लसीचं कार्ड काढलं. तेव्हा कौसल्येनं नवऱ्याला नुसतं डंपर उचलायला म्हणून आणलं होतं, आणि तिथंही याच पद्धतीनं वजन लिहिलेलं होतं.

"कुत्रा दोन किलोनं वाढलाय," त्या म्हणाल्या आणि कार्ड जरा जवळ धरलं. "मालक चार."

कौसल्येनं पदर तोंडाला लावला. ती रडते आहे असं वाटून जोतीराम तिच्याकडे धावला, तर ती हसत होती. आदल्या संध्याकाळपासून जिवाला लागलेला घोर एकदम उतरल्यावर माणूस हसतं तशी, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. जोतीरामलाही बरं वाटलं. संकट टळलं, असं त्याला वाटलं.

बाहेर आल्याबरोबर तिनं गोकुळच्या आईला, ठमाबाईंना फोन लावला. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे म्हाळ होता.

"आत्याबाई, उद्या डंपरला घास घालू नगा. शेरूला घाला. पर उलीसाच."

"बरं बाई. पर जोतीरामचं पान वाढायचं हाय न्हवं?" ठमाबाईंचा आवाज फोनमधून रस्त्यापर्यंत येत होता. "मी त्याच्यासाठी वडं जास्तीचं धरल्यात."

कौसल्येनं नवऱ्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"ते गाईला घाला," ती म्हणाली.