चाळीस मेसेजांची आठवण

जी गोष्ट ध्यानात राहते ती करावी लागते, म्हणून चांगल्या कारभाराचा पाया विसरण्यावर घातलेला असतो. पूर्वी हे काम माणसं करत. एक अर्ज विसरायला बाबूला तीन-तीन वर्षं लागत. त्यासाठी त्याला कपाट लागे, कपाटाला कुलूप लागे, आणि एवढं करून नाहीच विसरला तर त्याची बदली करावी लागे. देवळी तालुक्यातल्या एका गावाने (नाव सांगत नाही; गावाला पुरस्कार आधीच फार आहेत) हे काम यंत्राकडे सोपवलं. यंत्र तेच काम चार-पाच मिनिटांत उरकतं.

यंत्राचं नाव ग्रामसखा. तो गावाच्या ग्रुपवर राहतो, शुद्ध मराठी बोलतो, चिडत नाही, चहा मागत नाही. तक्रार सांगितली की तो नऊ प्रश्न विचारतो. नऊ उत्तरं मिळाली की तक्रारीला नंबर देतो. नंबर पडला की वीजवाले, पाणीवाले, रस्तेवाले सगळे बांधील. (पूर्वी नंबर असूनही कोणी बांधील नसे. आता नंबरच पडत नाही, त्यामुळे कोणावर ठपका येत नाही. याला सुधारणा म्हणतात.) त्याच्यात खोट म्हणाल तर एकच. ग्रुपवरचे शेवटचे चाळीस मेसेज तेवढे त्याच्या ध्यानात राहतात. एकेचाळिसावा आला की पहिला पुसला. ग्रुपवर माणसं सहाशे.

"ग्रामपंचायतीच्या ऐपतीत एवढीच आठवण बसत होती," असं ग्रामसेवक प्रफुल्ल साहेबांनी नारळ फोडताना सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

या गावात धुरपता राहते. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाते. नळाच्या पाइपासाठी रस्ता खोदला, तेव्हापासून तिच्या घराशेजारचा विजेचा खांब तिच्या टिनाच्या छपराकडे झुकला होता. आधी आदराने झुकला, मग मायेने, आणि आता तर कानात काही सांगायला आल्यासारखा. छपराखाली धुरपता, तिचा नवरा चिंधू आणि दोन शेळ्या. वायरमन येऊन पाहून गेला. "पडन हा," म्हणाला. "पन नंबर आना ग्रामसखाचा, नंबराबिगर मले हात लावता येत नाई."

धुरपताने सकाळीच ग्रुपवर लिहिलं, 'खांब पडून राह्यला.'

ग्रामसखा म्हणाला, 'नमस्कार! खांब कोणत्या दिशेला झुकला आहे?'

'माह्या.'

'कृपया पूर्व, पश्चिम, उत्तर किंवा दक्षिण यांपैकी सांगा.'

ती अंगणात जाऊन सूर्य पाहून आली. तेवढ्यात गाव जागं झालं होतं. त्या गावच्या साध्या सकाळच्या चाळीस मेसेजांची मोजदाद अशी: गुलाबाची फुलं अकरा, वाफेचा चहा नऊ, सुविचार बारा (पैकी सात मौनाचं महत्त्व सांगणारे), नुसते अंगठे सात, आणि धुरपता एक. तिने 'पूर्व' लिहिलं. ग्रामसखा म्हणाला, 'नमस्कार! पूर्वेबद्दल आपल्याला काय जाणून घ्यायचे आहे?'

दुसऱ्या दिवशी तिने सगळंच एका मेसेजात लिहिलं: खांब, दिशा, छप्पर, शेळ्या, सासऱ्याचं नाव, आधारचा नंबर. ग्रामसखाने सविस्तर माहितीबद्दल आभार मानले आणि एका वेळी एकच उत्तर द्यावं अशी विनंती केली.

मग ती ग्रामसेवकांकडे गेली.

"सायेब, त्याले बाजूले घेऊन सांगता येत नाई का? कानात?"

"पारदर्शकता असते ताई. जे सांगायचं ते सगळ्या गावासमोर."

"पन सगळं गावच बोलून राह्यलं तं म्या कवा सांगू?"

"हिशेब सोपा आहे. नऊ प्रश्न, नऊ उत्तरं, अठरा झाले. गावाला बावीस उरतात. बावीसच्या आत उरका."

बावीस मेसेज म्हणजे त्या गावात एखाद्याची म्हैस व्याली तर दोन मिनिटांचा माल. तरी धुरपता हटली नाही. भल्या पहाटे उठून, गुलाब उमलायच्या आत, ती एकदा आठव्या प्रश्नापर्यंत पोचली. नेमका त्या दिवशी महादेवरावांचा वाढदिवस निघाला. महादेवराव म्हणजे सरपंचबाईंचे यजमान. सही बाईंची, बाकी सगळं त्यांचं. तासाभरात चारशे शुभेच्छा आल्या. त्यांच्या गराड्यात धुरपताचा खांब गेला, पाठोपाठ कोणाचीशी नाली गेली, अंगणवाडीचं गळकं छतही गेलं. महादेवरावांनी दुपारी ग्रुप पाहिला तर गावात एकही अडचण शिल्लक नव्हती.

माणूस हुशार. एका शुभेच्छेने जे होतं ते शंभर अर्ज फेटाळून होत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्या वर्षात त्यांचे आणखी तीन वाढदिवस झाले. गावाने चारही मनापासून साजरे केले. त्यांच्यावर ठपका ठेवण्यात अर्थ नाही. ते फक्त जन्मत होते, मेसेज गावच पाठवत होतं.

शेवटी धुरपता घरोघर फिरली. गुरुवारी दुपारी बारा ते एक, ग्रुपवर कोणी काही लिहायचं नाही, एवढंच मागणं.

"काऊन वं धुरपते," जिजाबाई म्हणाली, "आता बोलाची बी चोरी झाली का?"

"एकच तास, माय. हा खांब अंगावर पडला तं म्या मरन ना वं."

"मरू नोको बाप्पा! तुह्यासाठी एक काय, दोन तास चूप बसतो."

सगळं गाव हो म्हणालं. गाव वाईट नव्हतंच. वाईट असतं तर काम सोपं होतं.

गुरुवारी बारा वाजता धुरपताने लिहिलं, 'खांब.' पहिला प्रश्न, उत्तर. दुसरा, उत्तर. ग्रुपवर चिटपाखरू नाही. सहा झाले. सातव्या प्रश्नाला जिजाबाईचा मेसेज आला, 'मी चूप हाव.' तिचं पाहून दुसऱ्याने लिहिलं, 'मी बी.' महादेवरावांनी लिहिलं, 'धुरपताताईंच्या मौन तासाला आपला जाहीर पाठिंबा.' मग पाठिंब्याला गाव मागे राहतं होय? 'कृपया कोणीही मेसेज करू नये' असा मेसेज एकोणीस जणांनी केला. नववं उत्तर तिच्या बोटावर होतं, तेवढ्यात शेजारच्या बाजेवरून चिंधूने अंगठा पाठवला.

'नमस्कार! मी ग्रामसखा. आपली समस्या काय आहे?'

"अजी! तुमी बी?"

"सगळे पाठिंबा देऊन राह्यले," चिंधू म्हणाला. "घरच्यानंच नाई देला तं लोक काय म्हंतीन?"

रविवारी संध्याकाळी वारा सुटला आणि खांब पडला. नवरा-बायको शेळ्या घरी आणायला रस्त्यावर होती म्हणून वाचली. लाइन आपोआप गेली, छप्पर बसलं, पुढे पळालेल्या एका शेळीचं शिंग मोडलं. धुरपताने फोटो काढून ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'पडला.'

फोटोत पडलेला टिन होता आणि टिनाखालून तिची एक चप्पल दिसत होती. पहिलं उत्तर आलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली.'

मग काय! जोडलेल्या हातांची रीघ लागली. 'फार गुणी बाई.' 'परवाच मौन पाळलं होतं.' धुरपता रस्त्यात उभी राहून लिहीत होती, 'म्या जिवंत हाव. म्या इथंच उभी हाव.' तिचा प्रत्येक मेसेज हातांच्या गर्दीत गाडला जात होता. तीन घरं पलीकडे जिजाबाई ओट्यावर बसून फोनवर बोट फिरवत रडत होती.

"माय! म्या हाव ना वं! इकडं पाह्य!"

"थांब वं जरा," जिजाबाई डोळे पुसत म्हणाली, "पाठवू दे आधी."

ग्रामसखाने चाळीस मेसेज वाचले. चाळीसही एकमुखी होते. त्याने नऊ प्रश्न विचारले: कोण, कधी, कशाने वगैरे. नऊच्या नऊ उत्तरं गावाने मिनिटभरात दिली. ('कशाने'ला 'आजाराने' असं बहुमत पडलं.) गावात पहिल्यांदाच एका तक्रारीला नंबर पडला. नंबर पडला की सगळे बांधील, म्हणून दिवेलागणीला ग्रामपंचायतीची ट्रॉली सरणाची लाकडं घेऊन दारात आली. धुरपताने ती उतरवून घेतली. दोन जाड ओंडके निवडून छपराला टेकू दिला, बाकीची चुलीला ठेवली. खांब तसाच आडवा आहे. त्याच्यावर आता ती गोधड्या वाळत घालते.

ती श्रद्धांजली मात्र गावात थांबली नाही. देवळीच्या ग्रुपवर गेली, तिथून वर्ध्याला, तिथून बोरगाव मेघेतल्या शिकल्या-सवरल्या घरांच्या ग्रुपवर, आणि पुढे-पुढे. तुमच्याही ग्रुपवर आली होती. तुम्ही लगेच हात जोडलेत, माणुसकी दाखवलीत. कोणासाठी जोडले होते, आठवतं का?