ज्याचं भांडं त्याला

"रविवारपर्यंत तळघर रिकामं. झाडून, पुसून, वर उदबत्ती लावून."

अनुजानं सोमवारी सकाळी चहाच्या वेळी हे जाहीर केलं, तेव्हा नवऱ्यानं पेपरातून मान वर काढली नाही आणि सासूबाईंनी चहात बुडवलेलं बिस्कीट बुडालंच.

"व्हय की," आक्का चमच्यानं ते शोधत म्हणाल्या. "तुझं सासरंबी दरसाल असंच म्हणायचं."

प्लॉट रस्त्यापेक्षा खोल होता. भराव टाकण्याऐवजी सासऱ्यांनी तिथं तळघरच बांधून घेतलं होतं, घरात एक मोकळी जागा असावी म्हणून. ती जागा वास्तुशांतीच्या दिवशी दुपारपर्यंत मोकळी होती. नंतर आहेर आले.

याआधी अनुजानं तीनदा प्रयत्न केला होता. तिन्ही वेळा दार उघडलं, दिवा लावला, आत बघितलं, दिवा मालवला आणि ती वर आली. मोबाईलवरच्या एक बाई सांगायच्या, रोज फक्त पंधरा मिनिटं द्या. अनुजानं दिली. ती पंधराही मिनिटं सुरुवात कुठून करायची हे ठरवण्यात गेली.

पण या वेळी पुण्याहून ऑफिसचा मेल आला होता. बाळंतपणाची वाढवून घेतलेली रजा संपली. घरून काम करता येईल, पण खोली स्वतंत्र हवी आणि मागून कुणाची ये-जा नको. पुढच्या सोमवारी दहा वाजता ऑफिसच्या क्रांती मॅडम व्हिडिओवर खोली बघणार. खोली नसेल तर पुण्यात हजर व्हायचं.

वर एक हॉल, दोन खोल्या आणि आक्कांची देवपूजा. पुण्याला जायचं म्हणजे संयोगिताला इथं ठेवून जायचं. संयोगिता अकरा महिन्यांची होती. नाव तिच्यापेक्षा मोठं होतं. याच आठवड्यात ती आईच्या गुडघ्याला धरून उभी राहायला लागली होती. गुडघाच पुण्याला गेला तर लेकरानं उभं कशाला धरून राहायचं?

अनुजा खाली उतरली ती पदर खोचूनच.

खाली भांडीच भांडी. पितळी पातेली, हंडे, पराती, एकात एक बसणारे डबे. एक पातेलं उचलून तिनं काठावर टॉर्च मारला आणि तिचा चेहरा उजळला. नाव होतं! 'सौ. झुंबरबाई, उचगाव.' दुसऱ्यावर 'सयाजीराव, कुरुंदवाड'. डब्यांवर 'रत्नव्वा, गडहिंग्लज'.

अनुजाचं माहेर कॉलनीतलं. तिथं भांडं घेतलं की आधी त्यावर स्वतःचं नाव घालायचं, कारण सणावाराला ते चार घरं फिरून यायचं. नाव ज्याचं, भांडं त्याचं. म्हणजे ही सगळी लोकांची भांडी! वीस-वीस, तीस-तीस वर्षं परत न केलेली! तिला सासरच्यांची इतकी लाज वाटली की आक्कांना विचारायचा धीरच झाला नाही. म्हाताऱ्या माणसाला तोंडावर कसं म्हणायचं, तुम्ही जिल्ह्याची भांडी दाबून बसलाय?

गुपचूप परत करायची, असं तिनं ठरवलं. नवरा, विश्वजित, ठिबक सिंचनाचे पाईप विकायला जिल्हाभर फिरायचाच.

"कुणाचं हाय हे?" त्यानं डिकी उघडत विचारलं.

"नाव वाच आणि पोचव."

"आत काय हाय?"

"भडंग. रिकामं भांडं परत करतात का कधी?"

मंगळवारी उचगाव झालं, बुधवारी कुरुंदवाड, गुरुवारी गडहिंग्लज. भांडं ओसरीवर ठेवून 'घरनं दिलंय' म्हणत विश्वजित पुढच्या गिऱ्हाईकाकडं पळायचा. गुरुवारी संध्याकाळी तळघराची एक भिंत दिसली. कितीतरी वर्षांनी. ती पिवळी निघाली. अनुजानं तिच्यापुढं टेबल मांडलं, खुर्चीवर बसली आणि संयोगिताला गुडघ्याशी उभं केलं. दोघी भिंतीकडं बघून हसल्या.

शुक्रवारी फोन वाजला. कुरुंदवाडहून सयाजीमामा, आक्कांचे भाऊ.

"आक्का, माझं काय चुकलं?"

"कुठं काय चुकलं?"

"हंडा परत आला की."

"कुठला हंडा?"

"तुझ्या घरभरणीला दिल्याला. भडंग घालून परत आलाय. सरळ सांगायचं हुतं, सयाजी, येऊ नगंस म्हणून."

आक्कांना काही कळेना. तेवढ्यात दुसरा फोन आला आणि त्यांची लहानपणची मैत्रीण रत्नव्वा गडहिंग्लजहून बोलू लागली, पण तिच्या रडण्यामुळं आक्कांना फक्त 'डबं' एवढंच ऐकू आलं. उचगावच्या थोरल्या जाऊबाईंनी, झुंबरबाईंनी, तर फोनच केला नाही, आणि त्याचीच आक्कांना जास्त धास्ती वाटली. त्या जिना उतरल्या, पिवळी भिंत बघितली आणि तिथल्या पायरीवर बसल्या.

"अगं बाई, आहेर परत केलास?"

"आहेर? त्यावर त्यांची नावं होती, आक्का."

"मग कुणाची असणार? देणाऱ्याचं नाव घालत्यात. घेणाऱ्याचं कशाला घालतील? त्याला सोताचं नाव ठावं असतंय की."

अनुजा गोंधळली. "म्हणजे आपली भांडी कुठली?"

"ज्यावर आपलं नाव न्हाय ती."

"आणि आपलं नाव असलेली?"

"ती लोकांच्या घरात."

"म्हणजे या घरात आपल्या नावाचं एकही भांडं नाही?"

"नसूच दे, बाई. सापडलं तर समजायचं, कुणीतरी संबंध तोडलाय."

अनुजाला हिशेबाच्या ऑफिसात सहा वर्षं झाली होती, पण ही पद्धत तिच्या डोक्यात बसेना. तिनं तिघांना फोन करून माफी मागितली. तिघंही म्हणाले, "फोनवर न्हाय. रविवारी येतो."

रविवारी आधी उचगावहून टेम्पो आला. झुंबरकाकू ड्रायव्हरशेजारून उतरल्या. मागं पातेलं होतं, चकल्यांनी भरलेलं. त्याशेजारी तसंच दुसरं.

"काकू, हे दुसरं?"

"एक परत केलंस न्हवं? आता दोन ठेव. बघू की कसं परत करतीस."

सयाजीमामांनी हंड्यात वांगी आणली आणि सोबत एक घंगाळ. रत्नव्वा पाच डबे घेऊन आली. प्रत्येकात शेंगदाण्याची चटणी. शिवाय एक सहावा डबा, नवा, अजून दुकानाचा कागद चिकटलेला. अनुजा प्रत्येकाच्या पाया पडत राहिली आणि प्रत्येक आशीर्वादागणिक तळघर भरत गेलं.

चहाला सगळे खालीच बसले. आक्कांनी ऑफिसचं, पुण्याचं, सगळं सांगितलं. संयोगिता तेव्हा मामांच्या धोतराला धरून उभी होती. सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं.

"पोरीला सोडून पुण्याला?" झुंबरकाकूंनी कप खाली ठेवला. "आमी काय मेलोय व्हय? उठा, जागा करून देऊ."

आणि त्यांनी जागा करून दिली. कुणी काहीही परत नेलं नाही. तसला विषय काढायचा धीर अनुजाला नव्हता. त्यांनी सगळं रचलं. पातेल्यावर पातेलं, हंड्यावर परात, पार छतापर्यंत. पिवळी भिंत दिसेनाशी झाली. मधोमध टेबल आणि खुर्ची एवढीच जागा उरली. मामा हात झटकत म्हणाले, "घे. ऐसपैस."

सोमवारी दहाला अनुजा पोट आत घेऊन खुर्चीत शिरली. नोकरी गेली, नाहीतर लेक तरी लांब गेली, असं धरूनच तिनं कॅमेरा चालू केला.

क्रांती मॅडम बराच वेळ बघत राहिल्या.

"अनुजा, हे भांड्यांचं दुकान आहे का?"

"नाही मॅडम. घरच आहे आमचं."

"कुणी आत येईल का मधेच?"

तेवढ्यात विश्वजित चहा घेऊन दारात आला. सरळ घुसला, अडकला. आडवा झाला, तरी अडकला. शेवटी त्यानं दोन हंड्यांच्या फटीतून नुसता कप पुढं केला.

"येता नाही येत, मॅडम," अनुजा कप घेत म्हणाली.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "मी आतापर्यंत अठरा जणांची घरं बघितली. कुणाच्या मागं आजोबा, कुणाच्या मागं कुकर. असला बंदोबस्त कुठंच नाही. मंजूर."

अनुजाला हसावं की रडावं कळेना, आणि दोन्हींना जागा नव्हती. डोक्यावर छतातून छोट्या तळव्यांची थपथप ऐकू येत होती. तिनं ती ऐकत चहा संपवला.

दुपारी जिन्यातून आक्कांची हाक आली.

"अनुजा, उचगावच्या काकू आल्यात. मी फोन केलता मगाशी. नोकरी टिकली म्हणून आहेर घेऊन आल्यात."

अनुजानं खुर्ची चार बोटं पुढं सरकवली.