एका सेलाला एक कप्पा

कोल्हापुरात दुकानात आलेल्या माणसाला आधी चहा विचारतात. आमचे रंगामामा आधी खिसा विचारतात. "पावणं, खिशात सुटा सेल न्हाय न्हवं?" समोरचा गांगरतो. तो बिचारा स्कूटीचं सीट कव्हर बदलायला आलेला असतो.

शाहूपुरीत माझं झेरॉक्सचं दुकान आणि भिंतीला भिंत लावून मामांचं सीट कव्हरचं. गिऱ्हाइकं पुष्कळशी गडमुडशिंगीकडची, रात्री उसाला पाणी पाजणारी. त्यांच्या डोक्यावरच्या बॅटरीत तो चार्ज होणारा लिथियमचा सेल असतो आणि जादाचा एक खिशात, किल्ल्या आणि चिल्लर यांच्या संगतीत. ही संगत मामांना खपत नाही. सेलाच्या दोन्ही टोकांना लोखंड एकदम टेकलं की सेल तापतो, पेटतो, आणि मग मांडीचं जे होतं ते मामा हातवारे करून असं दाखवतात, की ऐकणारा उभ्या उभ्या खिसे उलटे करतो.

एवढ्यावर सुटका नसते. सेलाचं वेष्टण फाटलेलं दिसलं की सेल जप्त. वर ऐकवतात, "चार्जिंगला लावून फिराय जायाचं न्हाय. दूध तापाय ठेवून कोण जातंय व्हय?" मग रेक्झिनच्या तुकड्याचं पाकीट फुकटात शिवून देतात. एका सेलाला एक कप्पा, हा त्यांचा मंत्र. या सगळ्या सूचना त्यांनी माझ्याकडून मोठ्या अक्षरांत छापून घेतल्या आणि माझ्याच काचेवर चिकटवल्या. आता लोक माझ्याकडे सेल मागायला येतात.

पुढे त्यांनी अख्ख्या गल्लीला पाकिटं वाटली. चहावाल्याला दिलं, फुलवालीला दिलं, मला दिलं. माझ्याकडे असला सेलच नाही. मी त्यात स्टेपलरच्या पिना ठेवतो. एका दुपारी मी त्यांना छेडलंच, की मामा, उद्या देवळातल्या मूर्तीलाही एक द्याल. ते हसले नाहीत. मशीनवरचा पाय थांबवून हळू आवाजात बोलू लागले. हळू बोलणं हा मामांचा स्वभाव नव्हे, म्हणून मी खुर्ची जवळ ओढली.

"आमच्या ओंकारच्या प्यांटीत सेल घावला की. धुवाय टाकताना, किल्लीसंगट. ती वाफंची, चार्जिंगवरची शिगरेट असती न्हवं, तिच्यातला."

ओंकार त्यांचा एकुलता मुलगा. नुकताच कारखान्यात नोकरीला लागलेला, कामावरून सुटला की रोज बापाच्या दुकानात चहाला येणारा. मी विचारलं, मग त्याला झापलं का नाही.

"झापलं तर उद्यापासनं हितं च्या प्याला यायचा न्हाय. एकट्याला पाकीट दिलं तरी वळखंल, बापाला कळलंय म्हणून. मग समद्यास्नी दिलं. शिगरेट सोडंल तवा सोडंल. तवर मांडी तरी शाबूत ऱ्हाऊ दे."

एका पोरासाठी हा माणूस गल्लीभर चक्रम ठरला होता आणि त्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं. त्या क्षणी मला मामा फार आवडले.

परवा संध्याकाळी ओंकार चहाला आला. जाता जाता खिशातून रिकामं पाकीट काढून म्हणाला, "आबा, शिवण उसवलीया." त्यात काय ठेवतोस, असं मामांनी विचारलं नाही. पाकीट घेतलं, दुहेरी टीप मारली, दोरा दातानं तोडला आणि परत दिलं. तो गेला तरी मामा कितीतरी वेळ रस्त्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून, पोरगा मोठा साहेब झाल्याची बातमी सांगावी तसे म्हणाले, "वापरतोय की."